जेवढे थोपवता येईल तेवढेच ओढा

जुना ट्रॅक्टर ट्रॉलीसाठी तयार करताना
(नभोवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



पाऊस उघडला आहे. भात, नागली, वरई खळ्यावर येऊ लागली आहे. चार महिने चिखलात राबलेला ट्रॅक्टर आता धुऊन-पुसून रस्त्याला लागेल. कुणाला भाताचे भारे आणायचे आहेत, कुणाला वणीच्या बाजाराला माल न्यायचा आहे. कुणाच्या घराचं काम निघालं आहे, त्याला विटा-वाळू हवी. बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात शेणखत टाकायचं आहे. या सगळ्या कामांना ट्रॉली लागते. म्हणून आज आपण जुना ट्रॅक्टर ट्रॉलीसाठी कसा तयार करावा, याची माहिती घेणार आहोत.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, यात तयार काय करायचं? पिन घातली, ट्रॉली जोडली, निघालो. सपाटीवर हे काही अंशी चालून जातं. पण आपला सुरगाणा तालुका सपाटीचा नाही. हतगडची बाजू घ्या, उंबरठाणची घ्या नाहीतर बाऱ्ह्याची घ्या, इथला रस्ता एक तर चढतो, नाही तर उतरतो. त्यातून आपल्यापैकी पुष्कळांनी ट्रॅक्टर जुनाच घेतलेला असतो. निफाड-दिंडोरीकडे सपाटीवर पंधरा-वीस वर्षं चाललेला ट्रॅक्टर डोंगरात येतो. तो नांगरट चांगली करतो, चिखलणी चांगली करतो, म्हणून आपण समजतो की ट्रॅक्टर ठणठणीत आहे.

पण नांगर ओढणं वेगळं आणि ट्रॉली ओढणं वेगळं. नांगर नेहमी मागे ओढ घेतो. ट्रॅक्टर थांबवला की नांगर जागेवर थांबतो. ट्रॉलीचं तसं नाही. चढावर ती मागे ओढते आणि उतारावर पुढे रेटते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगायला नको. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते, आणि बैल अंग टाकून ती थोपवतात. जो बैल चढावर जोर करतो पण उतारावर थोपवत नाही, त्याला जाणता गडी घाटाच्या वाटेला जुंपत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत ओढण्याचं काम इंजिनाचं, पण थोपवण्याचं काम गिअरपेटी, क्लच आणि ब्रेक यांचं. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन मिस्त्रीकडून बांधून घेतलेलं असतं, गिअरपेटी आणि ब्रेक मात्र कुणी उघडून पाहिलेले नसतात. म्हणून माझं सांगणं एकच आहे. ट्रॅक्टर किती ओढतो हे नंतर पाहा. तो किती थोपवतो हे आधी पाहा.

वजनाचा हिशेब

ट्रॉली डोळ्यांनी भरू नका, हिशेबाने भरा. भाजलेली वीट साधारण ३ किलोची असते. म्हणजे हजार विटा ३ टन झाल्या. वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तो कोरड्या वाळूचा असला तरी साडेचार टनांच्या आसपास भरतो. ओली वाळू त्याहून जड असते. पावसात भिजलेलं शेणखतही असंच फसवतं. ट्रॉली तेवढीच भरलेली दिसते, पण वजन बरंच वाढलेलं असतं.

आता समजा, ट्रॅक्टरचं वजन १,८०० किलो, रिकाम्या ट्रॉलीचं १,२०० किलो आणि त्यात हजार विटा, म्हणजे ३,००० किलो. सगळं मिळून ६,००० किलो झालं. रस्त्याचा उतार दहा फुटांना एक फूट असला, तर या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ६०० किलोचा जोर सगळ्या गाडीला खाली ओढत असतो. त्यातला ४२० किलोचा जोर एकट्या ट्रॉलीचा. तो ट्रॅक्टरच्या पाठीत असतो. हा जोर तुम्ही गिअरने आणि ब्रेकने थोपवायचा आहे.

अशा उतारावर गाडी ताशी ८ किलोमीटरने उतरत असताना गिअर सुटला आणि ब्रेक लागला नाही, तर दहा सेकंदांत वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट ताकद खर्च होते. मग ब्रेक लागला तरी पुरत नाही. दहा सेकंद म्हणजे किती, ते मनातल्या मनात मोजून पाहा. तेवढ्यात माणूस ‘अरे, काय झालं’ असं म्हणतो आणि वळण येतं.

गिअरपेटीचे तेल

पहिली तपासणी गिअरपेटीच्या तेलाची. इंजिनाचं ऑइल आपण सकाळी काडी ओढून पाहतो. गिअरपेटीचं तेल मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिन बंद करा. मागचे हायड्रॉलिकचे हात खाली सोडा, कारण पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटी आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. हात वर राहिले तर तेल तिकडे अडकतं आणि पातळी कमी दिसते. थोडा वेळ थांबून मग काडी किंवा पातळीचा बोल्ट काढून पाहा.

तेलाची पातळी पाहताना त्याचा रंगही पाहा. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर पाण्यात, चिखलात उभा असतो. ओढ्यातून, फरशीवरून जाताना पाणी पोटाला लागतं. जुन्या ऑइल सीलमधून, गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून आणि पेटीच्या श्वासनळीतून हे पाणी आत जातं. तेल दुधासारखं किंवा ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर पाणी मिसळलं आहे असं समजा. शंका असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा खालचा बोल्ट सकाळी, चालू करण्याआधी, थोडासा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. पाणी आलं तर नुसतं तेवढं काढून भागत नाही. सगळं तेल बदला आणि पाणी आलं कुठून ते शोधा.

तेल बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवून तेल गरम असताना काढा, म्हणजे गाळही बाहेर येतो. खालच्या बोल्टवर लोहचुंबक असेल तर त्याला लागलेला करडा लेप पुसून टाका. तेवढा लेप नेहमीचाच असतो. पण बोटाला टोचणारे कण, दाताचा तुकडा, बेअरिंगचा कपचा सापडला, तर ट्रॉली जोडायचा विचार सोडा आणि पेटी उघडून घ्या. पुष्कळ मॉडेलना हे तेल साधारण १,००० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचं असतं. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. जुना ट्रॅक्टर घेतला आणि आधीच्या मालकाने तेल कधी बदललं ते कळत नसेल, तर नव्याने बदलून मोकळे व्हा आणि तारीख खडूने नव्हे, वहीत लिहून ठेवा.

तेल कुठलं घालायचं? पुस्तिकेत लिहिलं असेल तेच. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला चालतं ते आपल्याला चालेलच असं नाही. काही ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. त्यांना त्यांच्यासाठीचंच तेल लागतं, नाही तर ब्रेक कुरकुर करतो आणि धरत नाही. दोन जातींची तेलं एकत्र करू नका. काढलेलं काळं तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.

उचलती ट्रॉली असेल, म्हणजे हायड्रॉलिकवर माल उलटणारी, तर आणखी एक गोष्ट सांभाळा. ती ट्रॉली ट्रॅक्टरच्या पेटीतलं तेल घेते आणि परत देते. ट्रॉली पूर्ण उचललेली असताना पेटीतली पातळी खाली जाते. शिवाय दुसऱ्याची ट्रॉली जोडली, तर तिच्या नळीतली घाण तुमच्या गिअरपेटीत येते. नळीचं तोंड जोडण्याआधी फडक्याने पुसा. काढल्यावर दोन्ही तोंडांना टोपण लावा. मातीत लोळू देऊ नका.

इथे बाहेरच्या जगातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत शेतकऱ्याकडे मालवाहू पिकअप ट्रक असतात. त्यांतल्या पुष्कळांना स्वयंचलित गिअर असतो. त्यात पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पुढे जातो. जड ट्रेलर जोडून चढ चढताना हे तेल घुसळून तापतं, आणि तापलेलं तेल गिअरपेटीला खातं. म्हणून तिकडे जुन्या ट्रकला ट्रेलर जोडण्याआधी जाणता माणूस गिअरपेटीचं तेल आणि गाळणी बदलतो, तेल थंड करणारी वेगळी जाळी पुढे बसवतो, आणि घाटात खालचा गिअर धरतो. यंत्र वेगळं असलं तरी काळजी तीच आहे. ओझं वाढवायचं तर आधी गिअरपेटीकडे पाहायचं.

गिअर सुटतो का?

जुन्या ट्रॅक्टरची ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे, आणि हीच कुणी करत नाही.

नांगरताना गिअरच्या दातांवर एकाच बाजूने जोर येतो. उतारावर ट्रॉली पुढे रेटते तेव्हा तोच जोर दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. दात झिजलेले असले, गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी कमजोर झाली असली, किंवा आतला काटा वाकला असला, तर या उलट्या जोराने गिअर आपोआप बाहेर येतो आणि ट्रॅक्टर न्यूट्रल होतो. शेतात हा दोष कधी कळत नाही. तो घाटात, भरल्या ट्रॉलीपुढे कळतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून परीक्षा आधी घ्या. ट्रॉली न जोडता, ओळखीच्या सौम्य उतारावर, खाली मोकळं रान असेल अशी जागा निवडा. जवळपास मुलंबाळं, गुरं नकोत. खालच्या गिअरमध्ये उतरा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. गिअरच्या दांड्याकडे लक्ष ठेवा, पण हाताने धरून ठेवू नका. दांडा थरथरतो का? हळूहळू मागे सरकतो का? टक् करून सुटतो का? वापरात येणाऱ्या प्रत्येक गिअरची अशी परीक्षा घ्या. हाय-लो दांड्याचीही घ्या, कारण तो हाय आणि लोच्या मध्ये आला तरी गाडी मोकळीच होते.

दांडा सुटत असेल तर काही जण रबर लावतात, दोरी बांधतात, नाही तर शेजारच्या पोराला धरून बसायला सांगतात. बंधूंनो, हे करू नका. सुटणाऱ्या गिअरचा ट्रॅक्टर शेतात राबवा, पण ट्रॉलीला जोडू नका. पेटी उघडून काटा, स्प्रिंग, गोळी बदलली की बहुतेक वेळा काम भागतं. दात झिजलेले असतील तर गिअर बदलावा लागतो. सुटे भाग घेताना पारख करा. एच.एम.टी.सारख्या ट्रॅक्टरच्या मालकांनी तर जास्तच करावी, कारण तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला.

क्लच

क्लचच्या पायटीला थोडी मोकळी चाल हवी, साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी. नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. चाल अजिबात नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घसरते आणि जळते. चाल फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना कर्र् असा आवाज येतो आणि दात खातात.

क्लच घसरतो का हे पाहायला सपाट, मोकळी जागा घ्या. दोन्ही ब्रेक जोडून घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतो आहे. इंजिन चालूच राहिलं आणि गाडी जागेवर, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्या, पुन्हा पुन्हा नको. समोर कुणी उभं नको. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, हीसुद्धा त्याचीच लक्षणं. प्लेट बदलताना ऑइल सीलही पाहून घ्या. तेल गळून नवी प्लेट भिजली तर महिनाभरात पुन्हा तेच दुखणं.

आणि एक सवय मोडा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. पाय नुसता टेकवला तरी बेअरिंग फिरत राहतं आणि जातं.

ब्रेक

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात वळायला त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पायट्या खिट्टीने जोडल्याच पाहिजेत. खिट्टी हरवली असेल तर आधी ती करून घ्या. घाईत एकाच पायटीवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि मागची ट्रॉली त्याला उलथवते.

दोन्ही ब्रेक सारखे लागतात का? मोकळ्या मातीच्या जागेत, ट्रॉली न जोडता, जरा वेग घेऊन एकदम ब्रेक दाबा. खाली उतरून चाकांचे ओरखडे पाहा. दोन्ही ओरखडे सारख्या लांबीचे हवेत. एक लांब, एक तोकडा असेल तर ब्रेक जुळवून घ्या. जुन्या ट्रॅक्टरांत कोरडे ब्रेक असतात. चिखलणीनंतर त्यांत माती आणि पाणी राहतं, तेव्हा ते उघडून साफ करून घ्यावेत. ओढा ओलांडल्यावरही ब्रेक थोडा वेळ धरत नाहीत. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर सपाटीवर हळू चालवत चार-सहा वेळा हलका ब्रेक द्या आणि मगच उताराला लागा.

हे सगळं झालं तरी लक्षात ठेवा, ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त त्याच्या मागच्या दोन चाकांवर आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे दोन चाकं सगळं ओझं थोपवणार. नवी ट्रॉली बनवून घेणार असाल तर चार पैसे जास्त गेले तरी ब्रेक असलेली घ्या. बिनब्रेकची ट्रॉली असेल तर घाटात अर्धीच भरा. एका खेपेऐवजी दोन खेपा झाल्या, तर डिझेल जातं. बाकी सगळं घरी परत येतं.

हुक, पिन आणि ट्रॉली

ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या हुकालाच किंवा ड्रॉबारलाच जोडा. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा उंच जागी साखळी बांधून ओढू नका. ओढ जेवढी उंचावरून, तेवढं ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं. चढावर क्लच झटक्याने सोडला तर ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्याच अंगावर येतो. तोंड हलकं वाटत असेल, स्टिअरिंग ऐकत नसेल, तर ओझं कमी करा आणि पुढे कंपनीची वजनं लावा. तोंड उचलतंय असं वाटताच क्लच दाबून ब्रेक धरा.

पिन कारखान्याची, योग्य जाडीची हवी. गजाचा तुकडा किंवा पहारीचं टोक पिन म्हणून चालत नाही. झिजून मध्ये कंबर पडलेली पिन फेकून द्या. पिनेच्या खालच्या भोकात खिळ घाला, नाही तर खड्ड्यात उडून ती वर येते. शिवाय ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी असू द्या. पिन तुटली तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही.

दोन चाकी ट्रॉली भरताना जड माल चाकांच्या थोडा पुढे येऊ द्या. सगळं ओझं मागे गेलं तर ट्रॉलीची दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. सगळं पुढे घेतलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. ट्रॉलीची चाकं उचलून हलवून पाहा. बेअरिंग डुलत असेल तर आवळून ग्रीस भरा. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. संध्याकाळी घाटात उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही. ट्रॉलीची वेगळी नोंदणी आणि विमा असतो. ते कागदही पाहून ठेवा.

घाटात कसे चालवावे

चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. चढावर मध्येच गिअर बदलायला क्लच दाबला की गाडी मागे येऊ लागते आणि जुन्या पेटीत गिअर पुन्हा पडत नाही.

उताराचा नियम याहून साधा आहे. ज्या गिअरमध्ये हा घाट भरून चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार लागण्यापूर्वी थांबून गिअर टाका, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि इंजिनाला गाडी थोपवू द्या. ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ दाबून सोडायचा. सतत पाय ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतो. उतारावर क्लच दाबू नका. क्लच दाबणं म्हणजे बैल सोडून गाडी ढकलून देणं.

गावोगाव फिरताना एक प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं ना?’ नाही, वाचत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन आपल्या जोरावर फिरत राहतं आणि त्यासाठी डिझेल घेतंच. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. तेव्हा पंप डिझेल जवळजवळ तोडतो. म्हणजे ज्या बचतीसाठी लोक जीव धोक्यात घालतात, ती बचत मुळात नाहीच. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट.

उतारावर थांबावं लागलं तर हँडब्रेक लावा, इंजिन बंद करून खालचा गिअर टाकून ठेवा आणि ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावा. निघताना ते दगड बाजूला काढा, रस्त्यात सोडू नका.

ट्रॉलीतली माणसे

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. मजूर, बाया, पोरं, बाजारकरी ट्रॉलीत बसवणं आपल्याकडे सर्रास चालतं. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली. सात जणींचा जीव गेला. त्या कामाला निघाल्या होत्या. तिथे घाट नव्हता, शेताचीच वाट होती.

आपल्याकडे तर घाट आहे. मालाची ट्रॉली उलटली तर विटा पुन्हा विकत मिळतात. विम्याच्या अटींतही ट्रॉलीतली माणसं सहसा बसत नाहीत, म्हणजे घर दोन्हीकडून बुडतं. मडगार्डवर, हुकावर, ट्रॉलीच्या दांडीवरही कुणाला बसवू नका. नको म्हणायला भिडस्तपणा वाटतो, हे मला ठाऊक आहे. मावशी, काकू, गावातलाच माणूस, त्याला उतर कसं म्हणायचं? पण ट्रॅक्टर तुमचा आहे, तेव्हा हे म्हणण्याचं कामही तुमचंच.

नव्या मॉडेलच्या ट्रॅक्टरांच्या चाचण्या मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत होतात. तुमच्या वीस वर्षांच्या ट्रॅक्टरची परीक्षा घ्यायला मात्र कुणी येणार नाही. ती तुमच्याच रानात, तुम्हीच घ्यायची आहे. त्याला अर्धा दिवस पुरतो. कामाची घाई सुरू होण्याआधी तो अर्धा दिवस काढा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. वजनाचा हिशेब करून ट्रॉली भरावी. बिनब्रेकची ट्रॉली घाटात अर्धीच भरावी.
२. चिखलणीनंतर गिअरपेटीच्या तेलाची पातळी व रंग पाहावा. पांढुरके तेल त्वरित बदलावे.
३. उतारावर गिअर सुटणारा ट्रॅक्टर दुरुस्तीशिवाय ट्रॉलीला जोडू नये.
४. क्लचची चाल अंगठ्याएवढी ठेवावी. चालवताना पाय क्लचवर ठेवू नये.
५. रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडावेत. ते सारखे लागतात याची खात्री करावी.
६. योग्य पिन, खिळ आणि साखळी या तिन्हींशिवाय निघू नये.
७. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल करू नये, क्लच दाबू नये.
८. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत.

शंका असल्यास ट्रॅक्टरची पुस्तिका आणि जाणकार मिस्त्री यांचा सल्ला घ्यावा. आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याशीही बोलावे. हे पत्रक घरात टांगून ठेवा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला एकदा वाचायला लावा.